भाऊबीजेचा टॉवेल

अल्फारेटा, जॉर्जिया
३१ ऑगस्ट २०२५

प्रिय गुरू,

अनेक आशीर्वाद. ती. आईला साष्टांग नमस्कार, राधिकेला आशीर्वाद. आम्ही तिघं इकडे खुशाल आहोत. हे पत्र नेहमीप्रमाणे दिवेलागणीनंतर राधिका मोठ्यानं वाचणार आणि आई मधेच थांबवून "हे पुन्हा वाच गं" म्हणणार, हे धरूनच लिहितेय. राधिका, आधी चष्मा लाव. कीबोर्डनं माझ्या अक्षराचं पार वाटोळं केलंय.

बुधवारी गणपती बसले. उकड शंतनूनं काढली, त्यामुळे मोदक म्हणून जे काही झालं त्याला नाव देणं अवघड आहे. "इट्स ओके बाबा, बाप्पा इज चिल," असं म्हणून आमच्या अनयानं त्याची समजूत काढली. नेमक्या त्याच दिवशी भारतातून येणाऱ्या मालावरची पन्नास टक्के जकात लागू झाली. आरतीला जमलेली सगळी मंडळी आरती सोडून त्यावरच बोलत होती. कोणी म्हणे भारतानं नमतं घ्यावं, कोणी म्हणे अजिबात घेऊ नये. शेवटी पद्मिनीकाकू म्हणाल्या, "सगळेच परराष्ट्रमंत्री झालात, तर हे द्रोण कोण उचलणार?" आई, पद्मिनीकाकू म्हणजे इथल्या निवृत्त डॉक्टर, माहेरच्या सोलापूरच्या. गेल्या वर्षी आपल्याकडे येऊन शेंगाचटणी घेऊन गेल्या होत्या, त्या.

आई, तू परवा फोनवर विचारलंस की अमेरिका आपल्यावर का रागावलीय. भारत रशियाकडून खनिज तेल घेतो आणि त्यातून रशियाला युद्धाला पैसा मिळतो, असं इथल्या सरकारचं म्हणणं. आपलं सरकार म्हणतं, आमच्या लोकांना स्वस्त तेल लागतं, आणि रशियाशी इतरांचेही व्यवहार चालूच आहेत. त्यामुळे आधीचे पंचवीस टक्के होते, त्यावर दंडाचे आणखी पंचवीस बसले. गुरूचा टॉवेल इथल्या बंदरात उतरला की त्याच्या किमतीच्या निम्मी रक्कम इथल्या खरेदीदारानं सरकारात भरायची, म्हणजे तो खरेदीदार कुरकुरणारच. यावर तू म्हणालीस, "तेल घेणारे दुसरेच, मग रट्टा आमच्या टॉवेलाला का?" चोर सोडून संन्याशाला फाशी, हे तुझं म्हणणं मला पटलं. फक्त चोर कोण, ते इथे वेगळं सांगतात आणि तिथे वेगळं.

तू असंही म्हणालीस, "सुचित्रा एवढी त्या कंपनीत आहे, तिनं एक शब्द टाकावा." आई, गुरूचा माल घेणाऱ्या या कंपनीत मी लागले तेव्हाच लिहून दिलंय की सोलापूरचा हा कारखाना माझ्या भावाचा आहे. म्हणून ऑर्डर कोणाला द्यायची, यात मला तोंड उघडता येत नाही. मी फक्त टॉवेल तपासते. पाणी किती पितो, धुतल्यावर किती आकसतो, रंग सोडतो का, एवढंच. खरेदीचं बोलणं ऑफिसाबाहेर न्यायचं नाही, अशी सहीदेखील केलेली आहे. शब्द टाकायला मला जागाच नाही.

आता गुरू, तुझ्यासाठी. शेवटचा कंटेनर मुदतीत बोटीवर चढला, फार बरं झालं. सप्टेंबरच्या मध्याआधी तो इकडे सव्हानाच्या बंदरात उतरला की दंडाच्या पंचवीस टक्क्यांतून सुटेल. पॅकिंगला तू, राधिका आणि वॉचमनसुद्धा बसलात असं कळलं. राधिका, कंबर कशी आहे?

नव्या मागांचं विचारलंस. माग पुरवणारा दिवाळीच्या पाडव्याच्या मुहूर्तापर्यंत थांबायला तयार आहे, बँकेकडे तारण ठेवायला आप्पा मागे ठेवून गेले ती सूतगिरणीमागची जागा आहे, दोन देशांचा करार आज ना उद्या होणार, आणि मागणी एकदम आली की त्या वेळी माग हाताशी हवेत. तुझा विचार मला कळला. पण करार अजून व्हायचाय रे. बाजारात तुरी अन् भट भटणीला मारी, असं नको व्हायला. थोडं थांब, एवढंच ताई म्हणून सांगते.

जाता जाता. गेल्या भाऊबीजेचा टॉवेल अजून कपाटात तसाच घडी न मोडता ठेवलाय, निळ्या काठाचा. बाकीच्यांचे भाऊ साड्या देतात, माझा भाऊ त्या वर्षीचा सगळ्यात चांगला उतरलेला टॉवेल देतो, हे मी इथे सगळ्यांना मिरवून सांगते. अनया म्हणते, "आई, इट्स अ टॉवेल, नॉट अ ट्रॉफी." तिला काय कळतंय.

आईच्या गोळ्या वेळेवर द्या.

तुझी
ताई


अल्फारेटा
२८ सप्टेंबर २०२५

प्रिय गुरू,

आशीर्वाद. आईला नमस्कार. सीना नदीच्या पुराच्या बातम्या पाहून जीव थाऱ्यावर नव्हता. फोनवर तुझा आवाज ऐकला तेव्हा बरं वाटलं. कारखान्यात पाणी शिरलं नाही ही देवाची कृपा. ज्यांच्या घरांत शिरलं त्यांना तू टॉवेल आणि चादरी वाटल्यास हे राधिकेकडून कळलं. तू स्वतः सांगितलं नाहीस.

भारतातल्या पोस्टानं अमेरिकेकडची सगळीच डाक थांबवली म्हणे, साधी पत्रंसुद्धा. जकातीचा घोळ मिटेपर्यंत इकडे काही येणार नाही. म्हणजे मी लिहायचं आणि तू निमूट ऐकायचं. लहानपणापासूनची हीच रीत असल्यामुळे तुझी तक्रार नसावी.

कंटेनर वेळेत उतरला. तू फोनवर "शुभशकुन" म्हणालास. मी काही बोलले नाही म्हणून तुला वाटलं लाइन गेली. लाइन होती.

मी मध्ये आठवडाभर तुर्कस्तानला जाऊन आले, ते तुला माहीत आहे. आई, तुर्कस्तान म्हणजे तेच, ज्यांची सफरचंदं मे महिन्यात गुरूनं घरात यायची बंद केली. पाकिस्तानची बाजू घेतात म्हणून फळवाल्याला चार शब्द सुनावून आला होता म्हणे. आता त्याच देशात मी सात दिवस जेवले. डेनिझली म्हणून गाव आहे, सोलापूरसारखंच कोरडं, आणि सोलापूरसारखंच जिकडेतिकडे टॉवेलांची दुकानं. चहा छोट्या काचेच्या पेल्यात देतात, दूध नाही. पेला रिकामा केला की लगेच भरतात. अंजिरं अशी की तुला दहा खाल्ल्याशिवाय राहवलं नसतं. सफरचंद मात्र मी एकही खाल्लं नाही, तुझ्या शब्दाला जागले.

कशासाठी गेले होते असं तू दोनदा विचारलंस. कामासाठीच रे. सविस्तर बोलू कधीतरी.

परतताना मात्र तारांबळ उडाली. मी इस्तंबूलच्या विमानतळावर असताना बातमी आली की एच-वन व्हिसावर कंपन्यांना आता लाख डॉलर भरावे लागणार, आणि जे बाहेर आहेत त्यांनी ताबडतोब परत यावं. कोणालाच धड काही कळत नव्हतं. शंतनूचा फोन, "सुची, जे मिळेल ते फ्लाइट पकड यार, कनेक्शन बघत बसू नकोस!" माझ्या शेजारी नागपूरचा एक मुलगा होता, स्वतःच्या लग्नाला भारतात निघालेला. त्यानं बोर्डिंग पास हातात धरून घरी फोन लावला आणि म्हणाला, "आई, मी येत नाहीये." दुसऱ्या दिवशी खुलासा आला की हे फक्त नव्या अर्जांना आहे, आमच्यासारख्यांना नाही. तोवर त्याच्या लग्नाचं काय झालं असेल कोण जाणे. आम्हाला इथे येऊन इतकी वर्षं झाली, पण घर, अनयाची शाळा, शंतनूची नोकरी, सगळं माझ्या व्हिसाच्या खुंटीला टांगलेलं आहे, हे त्या दिवशी पुन्हा एकदा नीट कळलं. आई, काळजी करू नकोस. आता सगळं ठीक आहे.

किमतीत सवलत द्या असं आमच्या खरेदीवाल्यांनी तुला कळवलं आणि तू कबूल केलंस, हे तुझ्याकडूनच कळलं. यावर मी काही लिहू शकत नाही.

बुधवारी खंडेनवमी. मागांची पूजा करशील तेव्हा आप्पांच्या जुन्या मागाला माझ्या नावानं एक झेंडूची माळ घाल. आणि आई, तू दर फोनला विचारतेस म्हणून सांगते, तो निळ्या काठाचा टॉवेल शेवटी मी कपाटातून बाहेर काढला.

आईला जप.

तुझी
ताई


अल्फारेटा
११ ऑक्टोबर २०२५

प्रिय गुरू,

पद्मिनीकाकू दिवाळीसाठी सोलापूरला येतायत, त्या हे पत्र कारखान्यात येऊन तुझ्या हातात देतील. घरी नाही. आत काय आहे ते मी त्यांना सांगितलेलं नाही आणि त्यांनी विचारलं नाही. एकटा असताना वाच. राधिकेला सांगायचं की नाही ते तू ठरव. आईपुढे मात्र हे वाचायचं नाही. तिच्यासाठी चकलीच्या भाजणीचं वगैरे वेगळं पत्र पोस्टानं पाठवलंय.

ताकाला जाऊन भांडं लपवणं आता पुरे झालं. पाडव्याला माग उतरवून घेऊ नकोस. आपली ऑर्डर गेली, गुरू. या हंगामापुरती नाही, गेलीच. ती तुर्कस्तानला गेली. मी तिथे त्यासाठीच गेले होते.

आता पहिल्यापासून सांगते. ऑगस्टच्या सुरुवातीला आमच्याकडे मीटिंग झाली. जकात नुकती जाहीर झाली होती, वरचा दंडही येणार असं दिसत होतं. तुर्कस्तानच्या मालावर पंधरा टक्केच. मला अशा मीटिंगला बोलावत नाहीत, त्या दिवशी बोलावलं. माझी बॉस डेब्रा म्हणाली, "सुचित्रा, ऑर्डर कोणाला द्यायची ते मी तुला विचारत नाही, विचारूही शकत नाही. फक्त टेक्निकल उत्तर दे. हा टॉवेल दुसरीकडे बनेल का?"

मी म्हणाले, बनेल.

खोटं काय सांगणार होते? तसं सूत मिळतं, तसे माग आहेत, धुलाईला दोन-तीनदा चुकतील आणि मग जमेल. हेच खरं होतं. पण त्या खोलीत टेक्स्टाइल शिकलेली मी एकटीच होते. मी "नाही" म्हटलं असतं तर त्यांनी मानलं असतं, निदान एक हंगाम तरी. हे डोक्यातून जात नाही. इचलकरंजीला शिकायला पाठवताना आप्पा म्हणाले होते, "शीक, आपल्या कारखान्याच्या कामी येईल."

मी डेब्राला विचारलं की करार झाला आणि जकात उतरली तर? ती वाईट बाई नाही. तिलाही तुझा माल आवडतो. ती म्हणाली, "मंडेला साइन करतील आणि फ्रायडेला फाडतील. मला तीन वर्षांचं प्लॅनिंग करायचंय, सुचित्रा. आय कान्ट प्लॅन अराउंड अ मूड." तुझ्याकडे सवलत मागितली ती हातातला माल संपेपर्यंतची आहे. तुला वाटलं, सवलत मागतात म्हणजे नातं ठेवायचंय. नाही रे. जाता जाता जेवढं मिळेल तेवढं घेतायत.

म्हणून सांगते, वर्तमानपत्रात रोज "करार दृष्टिपथात" छापून येतं त्याच्यावर माग घेऊ नकोस. करार होईलही. उद्या होईल. जकात उतरेलही. पण ही ऑर्डर टक्क्यांसाठी गेलेली नाही. त्यांचा भरवसा उडालाय, आणि तोही तुझ्यावरचा नाही. तेल कोणाकडून घ्यायचं हे दिल्लीत ठरतं, दंड वॉशिंग्टनमध्ये ठरतो, आणि तू एमआयडीसीत बसून रंग पक्का आहे का बघतोयस. यात तुझी काडीचीही चूक नाही. चूक नसताना नुकसान झालं की माणूस अडून बसतो, सगळं पूर्ववत होईल म्हणून वाट बघतो. तू ती वाट आप्पांच्या जागेवर बघायला निघालायस.

आता टॉवेलाचं. हे लिहायला मी तीन शनिवार टाळलं.

नव्या कारखान्याला दाखवायला मंजूर सॅम्पल लागतं, म्हणजे "हुबेहूब असं करा" म्हणून पुढे ठेवायचा एक अख्खा टॉवेल. आमच्या लॅबमधल्या तुझ्या टॉवेलांचे तपासणीसाठी तुकडे झाले होते, आणि गोदामातला कुठलाही उचलून चालत नाही, सगळ्यात चांगला उतरलेला लागतो. तुझ्याकडून मागवला असता तर तू विचारलं असतंस, कशाला? डेब्रानं सहज विचारलं, "घरी एखादा असेल ना तुझ्याकडे?" मी नाही म्हणू शकले असते. तेवढं तरी नक्की म्हणू शकले असते. पण तोंडातून "आहे" निघून गेलं, आणि मग मी कपाट उघडून तो निळ्या काठाचा टॉवेल बॅगेत भरला. शंतनू दारात उभा होता. अनया म्हणाली, "बट दॅट्स गुरूमामाज!" मी तिला म्हटलं, जा, अभ्यास कर.

तुझी ओवाळणी मी तिकडे देऊन आले, गुरू.

डेनिझलीच्या त्या कारखान्यात एक वयस्कर मुख्य कारागीर आहे. त्यानं घडी मोडली, टॉवेल गालाला लावला, मग उलटा करून काठाजवळचा धाग्याचा एक लूप नखानं ओढून पाहिला. आप्पा बघायचे तसंच, अगदी तसंच. मग दुभाषी मुलीमार्फत त्यानं विचारलं, "कोणी केलाय हा?" मी म्हणाले, "आमचा एक व्हेंडर आहे." माझा भाऊ आहे, एवढं मला म्हणता आलं नाही. तो म्हणाला, "हात चांगला आहे." मी चहा प्यायले. टॉवेलाला बिल्ला लावून त्यांनी तो काचेच्या कपाटात ठेवला. त्यांचा प्रत्येक लॉट आता त्याच्याशी ताडून बघतील. त्यांनाही कामाची गरज आहे, तिथे महागाईनं लोक टेकीला आलेत, हे सगळं मला दिसत होतं. म्हणून मला कमी वाईट वाटलं असं मात्र नाही.

हे तुला सांगून मी सही मोडतेय. बाहेर कळलं तर नोकरी जाईल. नोकरी गेली की साठ दिवसांत दुसरी शोधायची, नाहीतर सामान बांधायचं. शंतनूला मी हे बोलून दाखवलं तेव्हा तो भडकला. "यार, लीगलला कळलं तर? अनयाचं ज्युनिअर इअर आहे, कॉलेज तोंडावर आलंय. वेडी आहेस का?" मग रात्री भांडी लावता लावता त्यानंच विचारलं, "पद्मिनीकाकू कधी निघतायत?" फोनवर आणि व्हॉट्सॲपवर यातला चकार शब्द बोलू नकोस. वाचलंस की हे फाडून टाक.

घरभेदी म्हणतात ना, ती मी झाले. कुठल्या घरची, ते अजून ठरवता आलेलं नाही.

तू विचारशील, मग करू काय? मला ठाऊक नाही, आणि ठाऊक असल्याचा आव आणणार नाही. भारतानं एकाच गिऱ्हाइकावर अवलंबून राहू नये, असं तज्ज्ञ मंडळी टीव्हीवर सांगतात. देशाचं मला कळत नाही. तुझ्या कारखान्याचं कळतं. तुझे चारांतले तीन टॉवेल एकाच कंपनीला जातात, आणि त्या कंपनीत बहीण बसलीय म्हणून तू निर्धास्त राहिलास. बहिणीला तिथे बोलायची मुभा नाही, हे तुला मी शंभरदा सांगितलं आणि तरी तुला वाटत राहिलं की ताई आहे ना. खरं सांगू? मला ते वाटणं आवडायचं. म्हणून मी तुला कधी जोरात हलवलं नाही.

आहेत ते माग चालव. आपल्याकडची हॉटेलं आणि हॉस्पिटलं आहेत, त्यांना एवढा भारी टॉवेल नको असतो, हलका विणावा लागेल आणि तुला ते जिवावर येईल. इंग्लंडशी करार झालाय पण अजून लागू नाही. पुढे बघता येईल. माणसांना कमी करावं लागलं तर खोटी आशा न दाखवता सांग. तुला ते जमतं, मला जमत नाही.

भाऊबीजेला इकडे सकाळ असेल. मी नेहमीसारखी फोनपुढे निरांजन ओवाळीन. शेजारी आई असेल, काही विचारता येणार नाही. या वर्षी मला टॉवेल नको. तो मागायला मला तोंड नाही. ओवाळणी म्हणून एवढंच घाल, की पाडव्याला माग उतरवून घ्यायचे नाहीत आणि आप्पांच्या जागेचे कागद बँकेत द्यायचे नाहीत. तसं केलंस तर सगळ्यांसमोर "ओवाळणी दिली" एवढंच म्हण, मी समजेन. माझ्यावर रागाव. वर्षभर बोलू नकोस, चालेल. पण एवढं घाल.

तुझी
ताई


अल्फारेटा
२ नोव्हेंबर २०२५

ती. आई, प्रिय गुरू आणि राधिका,

आईला साष्टांग नमस्कार, तुम्हा दोघांना आशीर्वाद. दिवाळी छान झाली. चकल्या कडक झाल्या, तरी शंतनूनं सगळ्या संपवल्या. मंडळाच्या कार्यक्रमात अनया मराठीत पाच वाक्यं बोलली, त्यातली दोन बरोबर होती.

भाऊबीजेला फोनवर तुम्हा सगळ्यांना पाहून डोळे भरून आले. निरांजनाच्या उजेडात मला पडदा धड दिसत नव्हता, म्हणून मी दोनदा ओवाळलं. बाकी काही नाही. आई, तू गुरूला विचारलंस, "बहिणीला काय दिलंस रे?" आणि तो "दिली ओवाळणी" एवढंच म्हणून उठून गेला. फराळाचं ताट तसंच राहिलं. त्यावरून तू त्याला नंतर बरंच बोललीस असं राधिका म्हणाली. पाडव्याचा मुहूर्त हुकवला, माग आणले नाहीत, पुरवणाऱ्याला ऐन वेळी नाही म्हणून सांगितलं, आणि आता बहिणीला टॉवेलही पाठवला नाही, असं सगळं तुझं म्हणणं.

आई, मागांचं त्याला ठरवू दे. कारखाना त्याचा आहे आणि त्याचा हात चांगला आहे. हे मी म्हणत नाही, बाहेरची जाणकार माणसंही म्हणतात. आपल्या माणसाचं नाव आपण मोठ्यानं सांगायला हवं. मला ते नेहमी जमत नाही, म्हणून आज लिहून ठेवते.

आणि टॉवेलाचं म्हणशील, तर पोस्ट आत्ता कुठे सुरू झालंय, पार्सलाला वेळ लागतो. नाही आला तरी चालेल. या वर्षी तो येऊ नये हेच बरोबर आहे. राधिका, हे वाक्य आईनं पुन्हा वाचायला सांगितलं तर पुढे जा.

गुरू, तू हॉस्पिटलसाठी हलका टॉवेल विणून बघतोयस असं कळलं. पहिला उतरेल तेव्हा कसा झाला ते कळव, किंवा नको कळवूस. तुझ्या सवडीनं. पद्मिनीकाकू जानेवारीत परत येतील, त्यांच्याबरोबर शेंगाचटणी तेवढी पाठवा.

मला डिसेंबरात पुन्हा तुर्कस्तानला जायला सांगितलंय. जाईन. तिथे आपल्याकडचं एक ओळखीचं आहे, काचेआड असतं. या वेळी कोणी विचारलं तर नीट नाव सांगेन.

आई, त्याला आता काही बोलू नकोस. मला मिळायचं ते मिळालं. इतक्या लांबून, डाक बंद असताना, ओवाळणी पोचली.

तुमची
सुचित्रा